टेकडीवर कुठे काय लावायचं? मागच्या वर्षी लावलेल्या 600 पैकी जेमतेम 150 जगली

मुरमाची_टेकडी

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे सात-आठ जण हिंगण्याच्या पुढे एका गावाच्या टेकडीवर दोन वर्षांपासून दर रविवारी जाऊन काम करून राहिलो. ग्रामसभेचा ठराव आहे, गावातले पाच-सहा जण सोबत असतात. टेकडी अंदाजे 12 एकर, गावापासून 50-60 मीटर उंच, वर नुसता मुरूम आणि काळा दगड, मधल्या उतारावर पाण्याने कापलेल्या घळी, खाली नाला जो डिसेंबरपर्यंत वाहतो. म्हातारे लोक सांगतात की चाळीसेक वर्षांआधी इथे धावडा आणि सालई भरपूर होती, मग जळणाला तुटत गेली, मग बकऱ्या, आणि दर उन्हाळ्यात वणवा.

मागच्या जुलैत आम्ही नाल्यापासून माथ्यापर्यंत दोरी टाकून तीन बाय तीन मीटरवर सरळ ओळीत 600 रोपं लावली, सव्वा एकराचा पट्टा झाला. रोपं म्हणजे नर्सरीत जी मिळाली ती, कडुनिंब, करंज, जांभूळ, अर्जुन, वड, पिंपळ, थोडा बांबू, आणि सगळी मिक्स करून लावली म्हणजे कुठे काय हे काही ठरवलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये टेकडी पाहून डोळे भरून आले होते खरंच. मग मार्चपासून मरायला लागली. फेब्रुवारी ते मे आम्ही कॅनने पाणी वर नेलं, दर रविवारी प्रत्येकी दोन लिटर, नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात कडक नऊ दिवस) तर दोनदा गेलो, तरी काल मोजली तर 150 च्या आसपास जिवंत. वरच्या 200 मधली फक्त 11.

आता पाऊस दोन आठवड्यांवर आला. यंदा 400 रोपं लावायची ताकद आहे. मला कोणी "ही दहा झाडं लावा" अशी यादी नको, ती व्हॉट्सॲपवर रोज येते. कोणत्या जागी कोणतं झाड टिकेल हे ठरवायचं कसं ते सांगा. जागा वाचायची कशी?

हिरवं_नागपूर

दादा माझं मत, आधी ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावून टाका सगळीकडे, दोन वर्षात हिरवं होते, माती धरते, पानं कुजून खत होते, मग हळूहळू देशी झाडं आत लावा. आमच्या कॉलनीच्या मागे असंच केलं.

रानवाटेचा_काका

मी वनकामात 30 वर्षं काढली, बहुतेक सगळी विदर्भातच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा.

आधी सुबाभळीबद्दल. कॉलनीच्या मागे सपाट जागा, पाणी जवळ, तिथलं वेगळं. डोंगरउतारावर सुबाभूळ एकदा शेंगा धरायला लागली की बी खाली नाल्यात, शेतात, सगळीकडे जातं आणि मग ती काढत बसायचं काम पुढच्या पिढीला. दोन वर्षात हिरवं दिसण्याची घाई करू नका, ही माझी हात जोडून विनंती.

आता जागा. तुमची टेकडी काळ्या दगडाची म्हणजे बेसाल्टची आहे. नागपूर अगदी सीमेवर बसलेलं आहे, पश्चिमेला हिंगणा, काटोल, कळमेश्वर हा लाव्ह्याचा दगड आणि पूर्वेला गेलं की दगडच बदलतो, रामटेकचा डोंगर वेगळ्याच जुन्या दगडाचा. म्हणून रामटेककडे कोणाचं काय जगलं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही. लाव्ह्याचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा असतो, लाव्ह्याचे थर एकावर एक बसले ना म्हणून. या लाव्ह्याच्या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. हे कामाचं यासाठी की प्रत्येक पायरीच्या कडेला माती धुऊन गेलेली असते आणि पायरीच्या बुडाशी ती साचलेली असते, काही ठिकाणी बुडातून डिसेंबरपर्यंत ओल झिरपते. तुमची सरळ दोरी कडेवरूनही गेली आणि बुडातूनही गेली. दोन खड्ड्यांत अंतर तीनच मीटर पण एकात अर्धा फूट माती, दुसऱ्यात अडीच फूट. म्हणून माथा, मधला उतार, पायथा असे तीन ढोबळ पट्टे पुरत नाहीत, प्रत्येक पायरी वेगळी पाहावी लागते.

पहिला चांगला पाऊस पडून गेला की सब्बल म्हणजे पहार घेऊन चढा. दर दहा पावलांवर मारा. ठणकन वाजून परत आली तर अखंड दगड, तिथे खड्डाच नको. खसकन जाऊन मग हळूहळू रुतत गेली तर खाली भेगाळलेला मुरूम, त्या भेगांतून मूळ उतरतं, अशी जागा वरून भकास दिसली तरी काटक झाड धरते. सहज दोन फूट गेली तर ती तुमची श्रीमंत जागा, ती वाट्टेल त्या रोपावर वाया घालवू नका. एका जागी खड्डा खणून पाणी ओतून पाहा, घटकाभरात मुरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर तिथे सागाची मुळं सडतील, पळस मात्र मजेत राहील.

माझा अनुभव असा की अगदी उघड्या मुरमाच्या कडांवर सालई, मोवई, कुलू, गणेर हीच टिकतात, त्यांच्या जाड सालीत आणि खोडात ओल साठते आणि पानं लवकर गाळून ती उन्हाळा काढतात. थोडी तरी माती असलेल्या उतारावर धावडा, खैर, तेंदू, चार, रोहन, लेंडिया, बेल, आणि पाणी साचत नसेल तर मानवेल बांबू. पायरीच्या बुडाशी आणि पायथ्याच्या खोल मातीत मोह, बिजा, ऐन, बेहडा. अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, कटांग बांबू ही नाल्याची लेकरं आहेत, तुम्ही ती माथ्यावर नेली आणि कॅनने पाणी पाजलं, कितीही पाजलं तरी नाला वर जात नाही. वड-पिंपळ दगडातून उगवलेले दिसतात म्हणून लोक माथ्यावर लावतात, पण ते पक्ष्याने टाकलेलं बी असतं, पहिल्या दिवसापासून त्याचं मूळ भेग शोधत जातं. पिशवीत गोल गोल फिरलेलं मूळ घेऊन आलेलं रोप ते करू शकत नाही.

चर खणलेत का ते लिहिलं नाही. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले, असतील तर रोप चराच्या आत नाही, खालच्या अंगाच्या मातीच्या बांधावर लावा. माथ्यापासून खाली येत कामं करायची, उलटी नाही.

आणि एक प्रश्न विचारतो. ती 11 जगली ती नेमकी कुठे उभी आहेत? हे पाहिलंय का?

नकाशेवाली

काका म्हणाले त्यात भर घालते. तुमच्या टेकडीची कोणती बाजू कोणत्या दिशेला आहे हे एकदा कागदावर काढाच. आपण 21 अंश उत्तरेला आहोत, नागपुरात 26 मे ला शून्य सावली दिवस असतो म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य जरासा उत्तरेकडून असतो आणि बाकी सगळं वर्ष दक्षिणेकडून. म्हणजे ज्या महिन्यांत रोपं मरतात त्या महिन्यांत दक्षिण उतार जास्त तापतो. त्यातही पश्चिमेकडचं ऊन जास्त वाईट कारण सकाळी जमीन थोडी गार आणि हवेत थोडा ओलावा असतो, दुपारी तीनला हवाच 45 अंश झालेली असते आणि त्यात तिरपं ऊन सरळ उतारावर. म्हणून नैऋत्य उतार सगळ्यात कोरडा, ईशान्य सगळ्यात दयाळू. एकाच उंचीवर, एकाच मातीत, डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगळी जंगलं असतात, मेळघाटात घाटातून जाताना मार्च महिन्यात नीट बघा, एक अंग पार खडखडीत आणि समोरचं अंग अजून पानावर असतं.

नकाशा कुठून काढायचा तर इस्रोच्या भुवन पोर्टलवर उंचीचा डेटा फुकट आहे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून उताराची दिशा निघते. पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, मी हेच काम करते म्हणून सांगते. त्यातला एक चौकोन 30 मीटर बाय 30 मीटरचा असतो, म्हणजे तुमच्या तीन मीटरच्या हिशोबाने त्या एका चौकोनात 100 रोपं बसतात आणि नकाशा त्या शंभरही जागांना एकच समजतो. काकांची पायरी, घळ, मोठा दगड, काहीच त्यात दिसत नाही. नकाशाने फक्त टेकडीचे चार-पाच मोठे भाग पाडा, कुठे जास्त वेळ द्यायचा ते ठरवा, आणि बाकी सब्बल.

आमच्या ग्रुपने एका ठिकाणी नकाशावरच खड्ड्यांच्या जागा ठरवून मजुरांना जीपीएस पॉइंट दिले होते. तिसरा हिस्सा खड्डे दगडावर निघाले. मला त्याचं अजून वाईट वाटते कारण तो निर्णय माझा होता.

मुरमाची_टेकडी

काका, तुमचा प्रश्न वाचून आज ऑफिसच्या आधी पहाटे जाऊन आलो. 11 पैकी 9 रोपं मोठ्या दगडाच्या नाहीतर बोराटीच्या झुडपाच्या अगदी लागून आहेत. म्हणजे आमची दोरी योगायोगाने तिथून गेली. आणि नऊच्या नऊ दगडाच्या पूर्वेच्या बाजूला. दोन वर्षं आम्ही तिथे जातोय आणि हे एकदाही दिसलं नाही. उलट खड्ड्याजवळचं झुडूप आधी साफ करा असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

टेकडीची लांब बाजू नैऋत्येला आहे. आणि चर नाहीत, यंदा करू.

गवताची_बाई

वाचून अंगावर काटा आला, कारण तुम्ही जे पाहिलं तेच स्पेनच्या सिएरा नेवाडा डोंगरात बरीच वर्षं प्रयोग करून पाहिलेलं आहे. तिथेही पद्धत हीच होती की लावणीआधी झुडपं काढून टाकायची, ती रोपाचं पाणी खातात म्हणून. मग त्यांनी उघड्यावर आणि झुडपांखाली अशी रोपं लावून तुलना केली, 2004 मध्ये सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला, तर झुडपाखाली जगण्याचं प्रमाण दुपटीच्या वर. आणि फायदा सगळ्यात जास्त कुठे, तर कमी उंचीच्या आणि उन्हाच्या उतारांवर, म्हणजे जिथे परिस्थिती कठीण तिथे शेजारी जास्त कामी येतो. मात्र सगळी झुडपं सारखी नाहीत, काही झुडपांखाली रोपं उलट कमी जगली. आपल्याकडे मी बोराटी, तरवड, धायटी, मुरडशेंग यांच्या आडोशाने लावते. घाणेरीच्या आत लावू नका, ती रोपाला उठूच देत नाही. जागा झुडपाच्या पूर्व नाहीतर ईशान्य बाजूला, म्हणजे दुपारनंतरची सावली रोपावर. खड्डा झुडपाच्या मुळांवर घाव न घालता, जरा लहान खणा. काट्यांमुळे बकरीचं तोंडही पोचत नाही, ते वेगळंच.

दुसरं मला पोटतिडकीने सांगायचंय. 12 एकर आहे म्हणून 12 एकरावर झाडं हवीत असं नाही. माथ्यावर जिथे सब्बल ठणकन वाजते ती जागा गवताची आहे, ती पडीक नाही, बिघडलेलीही नाही. कुसळ, पवन्या, मारवेल तिथे येऊ द्या. कासचं पठार आपण सगळे पाहायला जातो, तिथे कातळावर वीतभर माती आहे म्हणूनच ती फुलं आहेत, कोणी तिथे खड्डे खणून करंज लावला तर चालेल का? निलगिरीच्या डोंगरांवर मूळच्या गवताळ उतारांवर परदेशी बाभूळ आणि पाइन लावून ठेवले, आता ते काढून गवत परत आणायची धडपड चालू आहे. गवताने माती धरली की पाच-सात वर्षांनी कडेकडेने झुडपं स्वतः येतात. तुमच्या माथ्यावर चंडोल घरटी करत असतील, जमिनीवर असतात ती, जुलैत खणताना पाहून पाय टाका.

सालईची रोपं नर्सरीत मिळायची नाहीत. सालई आणि मोवई दोन्ही फांदीपासून येतात, मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवायची. मोवई सहज फुटते, सालईच्या पुष्कळ फुटत नाहीत म्हणून हव्या त्याच्या दुप्पट लावा. फांद्या ज्याच्या हद्दीतल्या त्याची परवानगी घेऊन. आणि शक्यतो तुमच्यासारख्याच तापलेल्या काळ्या दगडाच्या टेकडीवरच्या झाडाच्या घ्या.

काटोलकडची_मावशी

पोट्टेहो, लय चांगलं काम करून राहिले तुमी. मले लिहाचं जमत नाई, नातू टाइप करून देऊन राह्यला.

शिकलेले लोकं सांगते ते खरं आहे, पण पह्यले गावच्या गुराख्याले घेऊन टेकडीवर जा. वैशाखात भर दुपारी ढोरं कुठं बसते ते त्याले इचारा. दिवाळी झाल्यावर गवत कुठं पह्यले वाळते आन कुठं संक्रांतीलोक हिरवं राह्यते ते इचारा. जिथं हिरवं राह्यते तिथं जमिनीच्या पोटात पाणी आहे. त्याले हे रोजचं दिसते, तुमी रईवारी येता.

दुसरं, ढोरं ज्या वाटेनं चढते त्या वाटेवर रोप लावू नका, किती कुंपण करा, ते वाट सोडत नाईत. वाट त्याइले राहू द्या, बाकीच्या जागेची चराईबंदी गावात बसून ठरवा, आन गवत कापून न्याची मुभा द्या. आमच्या गावात बंदी अशीच टिकली, ज्याच्या घरी बकऱ्या त्यालेच पह्यले गवत भेटलं.

आगीचं सांगतो. मोहफुलाच्या दिवसात बाया झाडाखालचा पाला जाळते, फूल वेचाले सोपं जाते म्हणून, तिथून आग वर चढते. त्या बायाइले बोल लावू नका, त्याइचं पोट आहे त्याच्यावर. माघातच जाऊन त्याइच्यासंग बसा, पाला झाडून काढाले मदत करा. आन जाळरेषा, म्हंजे आग अडवाले गवत काढलेला पट्टा, दिवाळीनंतर काढा, होळीनंतर काढून काय उपयोग.

अजून एक, सीताफळाचा पाला बकरी खात नाई. उतारावर खालच्या अंगानं त्याची ओळ लावा, गावालेबी दोन पैसे भेटते.

नकाशेवाली

मावशी, सीताफळाचं अगदी खरं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क (गावाचा जंगलावरचा कायदेशीर हक्क) मिळाल्यावर उजाड टेकडीचं जंगल परत आणलं, आणि तिथल्या सीताफळांची विक्री गाव स्वतः करतं. गावाला टेकडीतून काही मिळालं तरच राखण होते.

मुरमाची_टेकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. गुराखी काकांसोबत दोन फेऱ्या झाल्या, काल 22 मिलिमीटर पाऊस झाला म्हणून आज सब्बल घेऊन पूर्ण टेकडी फिरलो आणि चुन्याने खुणा केल्या. यंदाचं असं ठरलं की माथ्यावर रोप नाही, फक्त कडेच्या भेगांत मोवई आणि सालईच्या फांद्या 60. नैऋत्य उतारावर 120 रोपं, पण प्रत्येक झुडपाच्या नाहीतर दगडाच्या आडोशाने, दोरी नाही. ईशान्य बाजूला आणि पायऱ्यांच्या बुडाशी 150, त्यात मोह आणि कडुनिंबाचं ताजं बी सरळ जागेवर टोचणार, पिशवीतली मुळं वळलेली दिसली म्हणून. थोडी नाल्याला. हे एकूण 400 पेक्षा कमी भरतं पण ठीक आहे.

धावडा मात्र कुठेच मिळत नाही काका. तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या.

रानवाटेचा_काका

मिळणार नाही. धावड्याला बी ढीगभर लागतं पण बहुतेक पोकळ असतं, शंभर पेरलं तर उगवलेलं हातावर मोजावं, म्हणून नर्सरीवाले त्याच्या नादी लागत नाहीत.

पण तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत की तिथे धावडा होता आणि तो तुटत गेला. तुटला म्हणजे मेला असं नसतं. धावडा खुंटातून फुटतो, बकरी खाते, वणव्यात जळतो, परत फुटतो, वर्षानुवर्षं गुडघ्याएवढाच राहतो आणि लोकांना ते झुडूप वाटतं. खाली मूळ चाळीस वर्षांचं असतं, दगडात पार खोल गेलेलं, त्याला तुमच्या कॅनची गरज नाही. साल फिकट, पांढुरकी, गुळगुळीत, बुडाशी जुन्या घावाची गाठ. थंडीत पानं तांबूस होतात. डिंकाच्या लाडवातला डिंक ज्याचा, तोच तो. मधल्या उतारावर शोधा. सापडला तर त्याभोवती काट्यांचं आळं करा, एवढंच. एक पावसाळा वाढू द्या, मग सात-आठ कोंबांतले दोन जोरकस ठेवून बाकीचे काढा.

मुरमाची_टेकडी

काका, आज पाच तास शोधलं. 43 सापडले. 43! सगळे नैऋत्य उतारावर, जिथे आमचं एकही रोप जगलं नाही तिथे. आणि आठ-दहा खुंटांवर विळ्याचे ताजे घाव आहेत, ते आमचेच, मागच्या जुलैत खड्ड्याच्या आड येतात म्हणून छाटलेले. त्यातलेही सगळे परत फुटलेत. गुराखी काका म्हणाले, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

नैऋत्य उताराची 120 रोपं रद्द केली. तेवढे हात आता 43 आळ्यांना लागतील, बोराटीचे काटे तोडायचं काम उद्यापासून. हिंगण्याकडे राहणारं कोणी असेल आणि हातमोजे असतील तर रविवारी सकाळी सहाला या.